बाटलीचा ताप

उष्णतेच्या बाबतीत आमच्या हिच्या बोटांवर विश्वास ठेवू नये, असं माझं फार जुनं मत आहे. तव्यावरची भाकरी ती बोटांनी उलटते. सांडशी हाताशी नसेल तर चहाचं पातेलं पदरानं उतरवते. उकळत्या आमटीचा थेंब तळहातावर घेऊन चाटते आणि मीठ कमी आहे, एवढंच सांगते. अशा बाईनं दुधाच्या बाटलीला हात लावून "कोमट आहे" म्हटलं, तर बाटली थोडा वेळ बाजूला ठेवलेली बरी. घरात जुळ्या नाती आल्यापासून हे मत मी उघडपणे मांडू लागलो आहे, कारण आता माझ्या बाजूला सून आहे.

सुनेची रीत वेगळी. बाटली नीट हलवायची आणि मनगटाच्या आतल्या बाजूवर दोन थेंब टाकायचे. तिथली कातडी पातळ, स्वयंपाकघरात न रापलेली. थेंब गरम लागू नये, गारही लागू नये. पडला एवढंच कळावं. म्हणजे दूध साधारण 37 अंशांचं, आपल्या अंगाइतकं. ही बघत होती. म्हणाली, "आमच्या वेळी कुठं होती मनगटं?"

आईचं दूध दोघींना पुरेना, म्हणून डॉक्टरांनी वरच्या दुधाची पावडर लिहून दिली. बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा, असंही ते म्हणाले. रात्री तीन वाजता दोघी एकदम रडायला लागल्या की वाटी-चमच्यानं पाजायला माणसं कुठून आणायची, ते मात्र म्हणाले नाहीत. हिनं कपाटातून माझ्या आईचं चांदीचं बोंडलं काढून घासून ठेवलं. ते अजून चकचकीतच आहे. जिंकली ती बाटली.

पावडरचा डबा घरी आला तेव्हा मी त्यावर गुटगुटीत बाळ शोधत होतो. आमच्या लहानपणी गुबगुबीत पोराला 'ग्लॅक्सो बेबी' म्हणत. पण 1992च्या कायद्यानं अशा डब्यांवर बाळाचं चित्र छापायला बंदी आहे आणि आईचं दूधच सर्वोत्तम, हे त्याच डब्यावर छापणं सक्तीचं आहे. आपल्याच मालाविरुद्ध इतकं स्पष्ट बोलणारा डबा मी आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही.

खरी गंमत पुढं आहे. ही पावडर निर्जंतुक नसते. तिच्यात क्वचित क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू असू शकतो आणि तान्ह्या बाळाला तो जिवावर बेततो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं 2007 साली सांगून ठेवलंय, की पाणी उकळावं आणि ते 70 अंशांच्या खाली उतरायच्या आत पावडर त्यात कालवावी. मग बाटली नळाखाली धरून पिण्याइतकी निववायची. लगेच पाजायचं नसेल तर ती फ्रिजमध्ये ठेवायची, 5 अंशांपेक्षा जास्त नाही आणि 24 तासांपेक्षाही जास्त नाही. आणि भूक लागली की पुन्हा गरम करायची. एवढं सगळं ऐकून मी डॉक्टरांना विचारलं, शेवटचं गरम करणं कशासाठी? ते म्हणाले, "आजोबा, ते तुमच्या समाधानासाठी. बाळाला साधंसुद्धा चालतं."

थोरलीला खरंच चालतं. फ्रिजमधून काढलेली बाटलीसुद्धा ती गटागटा संपवते. तिच्यापेक्षा चार मिनिटांनी धाकटी असलेली मात्र गार थेंब ओठाला लागला की तोंड फिरवते आणि शेजारच्या इमारतीला ऐकू जाईल असं सांगते. तिला एकदा ऊब आवडली, आता सुटका नाही. त्यातून थंड दुधानं कफ होतो, यावर हिची अढळ श्रद्धा. डॉक्टर हसले, तेव्हा हिनं डॉक्टरच बदलायचा विषय काढला.

तेव्हा बाटली गरम करणं हे माझ्याकडं आलेलं खातं. पातेल्यात पाणी गरम करायचं, गॅस बंद करायचा आणि मग बाटली उभी ठेवायची. पाणी बाटलीच्या झाकणाला टेकता कामा नये. मधूनमधून ती गोल फिरवायची. आणि पंधरा मिनिटांच्या आत बाहेर काढायचीच. हिचा कल असा, की बाटली पातेल्यातच राहू द्यावी, केव्हाही रडली तरी तयार. सुनेनं जंतूंबद्दल परोपरीनं सांगून पाहिलं. शेवटी मी म्हटलं, "अगं, दही लावायला काय लागतं? कोमट दूध, उबदार जागा आणि वर झाकण. ते सगळं तू पातेल्यात मांडून ठेवलंयस. फक्त विरजण कशाचं पडलंय, ते आपल्याला माहीत नाही." ही काही बोलली नाही, पण बाटली बाहेर आली. लग्नानंतर माझा एखादा मुद्दा तिला इतका तत्काळ पटल्याचं मला आठवत नाही.

मुलाचं म्हणणं, मायक्रोवेव्हमध्ये अर्ध्या मिनिटाचं काम आहे. तो इंजिनिअर असल्यामुळे त्याला हे समजावून सांगणं जास्त अवघड. त्या पेटीत लहरींचा जोर सगळीकडं सारखा नसतो, कुठं जास्त, कुठं कमी. म्हणून तर आत ती काचेची थाळी गरगर फिरवावी लागते. तरीही बाटली हाताला जेमतेम कोमट लागते आणि आत एखाद्या जागी दूध जीभ पोळेल इतकं तापलेलं असतं. झाकण घट्ट असेल तर बाटली फुटायचीही भीती. "हलवली की सारखं होतं," मुलगा म्हणाला. त्याच्या हातात नुकतीच मायक्रोवेव्हमधून काढलेली कॉफी होती. सून म्हणाली, "हलव आणि पी." त्यानं तिसरा घोट पाण्याचा घेतला.

प्रमाणाचं भांडण निराळंच. पावडरीचा चमचा सपाट भरायचा असतो, जास्तीची पावडर पट्टीनं काढून. ही शीग लावते. लेकराच्या तोंडचं मोजून काय द्यायचं! दूध जास्त घट्ट झालं तर कोवळ्या मूत्रपिंडांवर ताण येतो, हे सुनेनं सांगितलं, आणि आता पट्टी सुनेच्या ताब्यात आहे. उरलेल्या दुधाचंही तसंच. बाळानं तोंड लावलं की लाळ आत जाते, म्हणून तासाभरात संपलं नाही तर ओतून द्यायचं. परत गरम करून पाजायचं नाही. बाळाचं उष्टं बाळालाच देण्यात पाप काय, हा हिचा प्रश्न. एवढं महागाचं दूध मोरीत जाताना तिला बघवत नाही. हल्ली माझ्या दुपारच्या चहाला किंचित वेगळी चव येते. मी चौकशी करत नाही.

मागच्या महिन्यात नातींना जोतिबाच्या दर्शनाला नेलं. प्रवासात कालवलेलं दूध बरोबर घ्यायचं नाही, हा सुनेचा नियम. थर्मासमध्ये कडकडीत पाणी आणि छोट्या डब्यांत मोजलेली कोरडी पावडर. साताऱ्याच्या पुढं एका उडुपी हॉटेलात थांबलो. सुनेनं बाटली टेबलावर ठेवली मात्र, वेटर न सांगताच स्टीलच्या भांड्यात वाफाळतं पाणी घेऊन आला. सवयीनं त्यात चमचेही होते. सून म्हणाली, "नको दादा, थंड पाणी हवंय. दूध निववायचंय."

"थंड?" त्यानं आधी बाळाकडं, मग सुनेकडं पाहिलं. "लेकराला?"

"बघा की हो," ही म्हणाली, "मी हेच सांगतेय." दोघांचं कफावर एकमत झालं, त्यात गल्ल्यावरचे मालकही सामील झाले. आमची बाटली शेवटी फ्रिजमधल्या पाण्यानं निवली. बिलात त्या गार पाण्याचे वीस रुपये लावले होते. गरम पाणी फुकट होतं.