सणांचा तुटवडा

आमच्या गोराईच्या सोसायटीला सणांची भूक फार. ७ जुलैचा चॉकलेट दिन उरकला, की गटारीचे वेध. त्याच आषाढी अमावास्येला घरातले दिवे घासून पुजायचे असतात, हे फक्त आजीला आठवतं.

खाडीपलीकडचे कोळी नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतात. सरकारी मासेमारीबंदी ३१ जुलैलाच संपलेली असते; पण दर्या परिपत्रकं वाचत नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ईस्ट इंडियन मंडळींचा आगेरा: नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घ्यायचा. हे कळल्यापासून सेक्रेटरी विचारतायत, ‘ड्रेसकोड कोणता ठेवायचा?’

भात कुठून आणायचा, हे अजून कुणी विचारलेलं नाही. बहुतेक ऑनलाइन मागवतील, बासमती.