कुणाकडे निघालात?

लहानपणी आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात पायांत चप्पल सरकवली की त्या आवाजाला चार दारांतून उत्तर यायचं, "कुणाकडे निघालात?" 'कुठे' म्हणायची सोय नव्हती. बाहेर पडणाऱ्याला 'कुठे' विचारलं की त्याचं काम होत नाही, अशी ठाम समजूत. म्हणून सगळी चौकशी वळणावळणाने व्हायची. "लांब का?", "रिकामीच पिशवी दिसतेय", "आज इस्त्रीचा शर्ट!" उत्तर नाही मिळालं तरी कुणाचं अडत नसे. परत येताना पिशवीतून डोकावणारी कोथिंबिरीची जुडी नाहीतर औषधाच्या बाटलीचं बूच उरलेली माहिती पुरवायचं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या वाड्याला ठाऊक असायचं की तळमजल्यावरचे मुलगी बघायला गेले होते आणि तिथले पोहे खारट होते.

असल्या संस्कारांत वाढलेल्या माणसाने साठीनंतर एकाएकी खासगीपणाचा ध्यास घ्यावा, हे घरच्यांना वयाचं लक्षण वाटलं. तसा तो शब्दही आमच्या वाड्याच्या ओळखीचा नव्हता. खासगी असायची ती होळकरांची. अहिल्याबाईंनी घाट बांधले, देवळं उभी केली, ती त्या खासगीच्या पैशातून. सकाळी नळावर आणि आणखी एका ठिकाणी रांग लावणाऱ्यांची कसली आलीय खासगी!

सुरुवात झाली ती गुडघ्यावरून. एका रात्री मी फोनला 'जिना उतरताना गुडघा का दुखतो' एवढंच विचारलं. घरात अवाक्षर काढलं नव्हतं. काढलं असतं तर मेथीचे लाडू आणि प्रवचन दोन्ही एकदम सुरू झालं असतं. दुसऱ्या दिवशी फोन उघडावा तर तेलं, पट्टे, मऊ तळव्यांच्या चपला. तिसऱ्या दिवशी ज्येष्ठांसाठी चारधाम, डोलीच्या सोयीसह. माझ्या गुडघ्याची बातमी माझ्या बायकोच्या आधी एका सहलवाल्याला लागली होती. फोन आपलं बोलणं चोरून ऐकतो का, यावर आमच्या सकाळच्या कट्ट्यावर दोन तट आहेत. मला तो वादच फिजूल वाटतो. आपण स्वतःच्या बोटांनी सगळं टंकून सांगत असताना त्याने कान कशाला शिणवावेत?

२०१८ साली अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या डग्लस श्मिट नावाच्या प्राध्यापकांनी एक अहवाल लिहिला. एक अँड्रॉइड फोन नुसता ठेवून दिला, कुणी हात लावला नाही, मागे क्रोम तेवढं चालू. चोवीस तासांत त्या फोनने आपल्या ठावठिकाण्याची माहिती गूगलला ३४० वेळा कळवली. गूगलने या अहवालावर आक्षेप घेतले, आणि तो लिहवून घेणारी प्रकाशकांची संघटना काही गूगलची मावशी नव्हे, हेही खरं. पण आकडा माझ्या डोक्यातून जाईना. म्हणजे साधारण सव्वाचार मिनिटांना एकदा. आणि कळवायचं काय, तर 'आहे तिथेच आहे'. आमच्या वाड्यातल्या सगळ्या काकूंनी पाळ्या लावल्या असत्या तरी इतकं जमलं नसतं. त्यांना मध्ये उठून आमटीला फोडणी घालायची असे.

काकूंचं आणखी एक होतं. त्यांना माझं जेवढं माहीत, तेवढंच मला त्यांचं. कुणाच्या डब्यातली साखर वीस तारखेला संपते, कुणाचा मुलगा कॉलेजच्या नावाखाली अलका टॉकीजला असतो, सगळं पाठ. हिशेब फिटंफाट. कॅलिफोर्नियात बसलेल्या या नव्या शेजाऱ्याच्या आमटीत काय पडतं, ते मला आजवर कळलेलं नाही.

माझा भाचा संगणकात आहे. नेमकं काय करतो ते माझ्या बहिणीलाही सांगता येत नाही. दाढ काढायची का, असं विचारावं तशा सुरात तो म्हणाला, "मामा, गूगल काढून टाकायचं का?" त्याने समजावलं ते असं. अँड्रॉइड बनवणारी छोटी कंपनी गूगलने २००५ साली विकत घेतली, पण त्याचा पाया अजून उघडा आहे, कुणीही उचलून न्यावा. आपण ज्याला फोन म्हणतो ते त्यावर चढवलेले गूगलचे मजले. जोतं तेच ठेवून वर आपलं घर बांधणारी माणसं जगभर आहेत. कुणी लिनिएज-ओएस बांधलं; गाएल दुव्हाल नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी '/ई/' एवढ्याच नावाचं बांधलं, बारशाला आत्या आलेली नसावी. भाच्याचं मत ग्राफीन-ओएसला पडलं. सगळ्यांत भक्कम म्हणे. मात्र ते बसवायला पिक्सेल फोन लागेल.

"पिक्सेल कोण बनवतं?"

"गूगल," भाचा शांतपणे म्हणाला.

कारण ऐकलं तेव्हा पटलं. मूळ कुलूप काढून आपलं कुलूप नीट लावू देणाऱ्या फोनांत तो आहे. तरीही गूगलपासून सुटण्यासाठी गूगलचाच फोन घ्यायचा म्हणजे सासऱ्यांशी भांडायला जाताना रिक्षाचे पैसे त्यांच्याकडूनच घेण्यासारखं. मी जुना, वापरलेला घेतला. तेवढंच मनाला समाधान.

एका रविवारी दुपारी भाच्याने वायर जोडली आणि सूचना वाचत बटणं दाबत सुटला. फोनमधलं होतं नव्हतं ते पुसलं गेलं. मी विचारलं, मध्येच वायर हलली तर? "तर ब्रिक होऊ शकतो." ब्रिक म्हणजे वीट. विटेचा लौकिक आपल्याकडे केवढा मोठा, पंढरपुरात साक्षात देव तिच्यावर उभा आहे. पण वीस हजारांची वीट घेऊन मी बायकोसमोर कुठल्या तोंडाने उभा राहणार होतो? अर्धा तास मी पंखासुद्धा बंद ठेवला, वाऱ्याने वायर हलू नये म्हणून.

फोन सुरू झाला आणि रंगकामासाठी सामान बाहेर काढलेली खोली आठवली. तीच खोली, पण एकदम मोठी आणि परकी. मग एकेक वस्तू आत यायला लागली. ॲप आणायला एफ-ड्रॉइड नावाचं दुकान आहे, २०१० पासून चालतं. तिथे खातं उघडावं लागत नाही, नाव-गाव कुणी विचारत नाही, आणि प्रत्येक पदार्थाची कृती दारावरच टांगलेली. एखाद्या मालात जाहिराती किंवा पाळत असेल तर तसं दुकानदार स्वतःच लिहून ठेवतो. हा दुकानदार मूळचा सदाशिव पेठेतलाच असणार. आपल्याच मालाविरुद्ध पाटी लावायला दुसरं कोण धजेल?

व्हॉट्सॲपचं काय करायचं, हा खरा पेच. आमच्या घराण्याने ते सोडून पाहिलेलं आहे. २०२१ च्या जानेवारीत व्हॉट्सॲपने नव्या अटी घातल्या, तेव्हा चिडून आम्ही सतरा जण सिग्नलवर गेलो. तिथे एकमेकांना "आलो", "मीही" एवढं कळवलं, आणि आठवडाभरात संक्रांत आली तशी तिळगुळाची चित्रं पाठवायला सगळे मुकाट्याने परत फिरलो. तेव्हा भाच्याने तोडगा काढला. व्हॉट्सॲपला घरात घ्यायचं, पण ओसरीवर बसवायचं. माजघरात प्रवेश नाही. या फोनात एखाद्या ॲपला कुठली माणसं दाखवायची ते आपण ठरवू शकतो. माझ्या वहीत साडेचारशे नावं आहेत. व्हॉट्सॲपला त्यातली सतराच दिसतात. त्या बिचाऱ्याचा समज असा की या माणसाला उभ्या आयुष्यात सतराच जण भेटले. कधी कधी मला त्याची दया येते, ओसरीवरच्या पाहुण्याला चहा विचारायचा राहून गेल्यासारखं वाटतं.

जुन्या कळफलकाला माझं मन पुरतं ठाऊक होतं. 'आज' लिहिलं की 'जमणार नाही' तोच पुढे करायचा. नवा काहीच सुचवत नाही. कचेरीत शिकलेला इनस्क्रिप्ट, स्वर डावीकडे आणि व्यंजनं उजवीकडे, आता अंगठ्यांनी आठवून आठवून टंकावा लागतो. 'प्रकृती बरी नसल्यामुळे येऊ शकत नाही' हे पूर्ण लिहीपर्यंत कार्यक्रमाला जाऊन येणं होतं. गेल्या तीन महिन्यांत मी दोन मुंजी, एक साठीशांत आणि एका कवितासंग्रहाचं प्रकाशन एवढ्यांना केवळ या कारणाने हजर राहिलो.

नकाशा ओपन-स्ट्रीट-मॅपचा घेतला. हा नकाशा २००४ साली इंग्लंडात स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केला आणि जगभरचे हौशी लोक तो भरत असतात. आमच्या गल्लीतली लाँड्री त्यावर कुणी भरली नव्हती, ती मी भरली. त्या दिवशी इस्त्रीचे कपडे आणताना लाँड्रीवाल्याकडे मी जरा कोलंबसाच्या नजरेने पाहिलं. फक्त पुढे गर्दी आहे का, हे या नकाशाला सांगता येत नाही. ते गूगलला कळतं, कारण रस्त्यावर अडकलेल्या माणसांचे फोनच त्याला बातमी पुरवत असतात. २०२० साली सायमन वेकर्ट या कलावंताने बर्लिनमध्ये एका हातगाडीत ९९ जुने फोन भरले आणि मोकळ्या रस्त्यावरून ती ओढत नेली. गूगलच्या नकाशाला वाटलं वाहनांची रांगच लागली, रस्ता लाल. लक्ष्मी रोडवर या प्रयोगाला कुणी विचारणार नाही. तिथे एकच हातगाडी, आत एकही फोन नसताना, रस्ता लाल करून दाखवते.

तेव्हा मी आता माणसांना विचारतो. परवा कोथरूडला एका जुन्या मित्राकडे जायचं होतं. नकाशाने गल्लीपर्यंत आणून सोडलं, इमारत सापडेना. पानवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "कुणाकडे जायचंय?" नाव सांगितलं. "म्हणजे ते, बँकेतून निवृत्त झालेले? त्यांच्या पायाचं ऑपरेशन झालं ना? तुम्ही कोण त्यांचे?" मी कोण ते सांगितलं. शेजारी उभ्या असलेल्या रिक्षावाल्याने माझ्या हातातल्या पिशवीकडे बघून "त्यांना साखर आहे, बर्फी नेऊ नका" असा सल्ला दिला. बर्फी बदलून फळं घेतली, तेव्हा फळवाल्याला सगळं नव्याने सांगावं लागलं. गूगलला चुकवून निघालेल्या माझी बित्तंबातमी दोनशे पावलांत तिघांकडे जमा झाली. मित्राच्या घरी पोचलो तर दार उघडंच. मी येतोय हे वर कळलेलं होतं.

पैशांची गोष्ट त्याहून नाजूक. नव्या फोनावर माझ्या बँकेचं ॲप उघडलं तर त्याने बजावलं की आपला फोन सुरक्षित नाही, सबब सेवा देता येत नाही. ज्याच्या सुरक्षिततेपायी मी अर्धा तास पंख्याविना बसलो, तो! फोनावर गूगलच्या पसंतीचा शिक्का नसेल तर काही ॲप दारातूनच परत पाठवतात. रोख द्यावी तर सुटे पैसे कुणाकडे नसतात, मोड म्हणून गोळ्या मिळतात. माझ्या खिशात सध्या अकरा रुपयांच्या गोळ्या आहेत. शेवटी हिच्या फोनचा आधार. चार वाजता वडापावच्या गाडीवरचा तो काळा-पांढरा चौकोन टिपतो, हिला पाठवतो, ही घरून पैसे भरते. म्हणजे मी रोज चार वाजता कुठे असतो, हे आता गूगलऐवजी घरात कळतं. गूगलने एवढ्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं, "दोन कुणी खाल्ले?"

मी हिला न्यायमूर्ती पुट्टस्वामींची गोष्ट सांगून पाहिली. कर्नाटकातले निवृत्त न्यायाधीश. आमच्या सोसायटीत शहाऐंशीव्या वर्षी माणसं टाकीच्या पाण्यावरून भांडतात. हे गृहस्थ त्या वयात, २०१२ साली, आधारविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यातूनच २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. एकमताने, मी पुन्हा म्हटलं. ही चष्मा पुसत म्हणाली, "मग उद्यापासून चौकोन त्या नऊ जणांना पाठवा."

एक सुख मात्र या फोनाने दिलं. दुसरे फोन आसपासच्या वायफायची नावं पाठवून घरबसल्या जागा ओळखतात. माझा तसं करत नाही, त्याला आकाश लागतं. म्हणून हल्ली मी गॅलरीत उभा राहून हात लांब करून उपग्रह शोधतो. मला आपलं वाटायचं की उपग्रह वरून आपल्याला बघतो. तसं काही नाही. वीस हजार किलोमीटरवरून तो नुसती वेळ आणि स्वतःची जागा सांगत असतो. चौघांचं ऐकून बाकीचं गणित फोनच मांडतो. गावातला भोंगा वाजतो तसा. कुणी त्यावर घड्याळ लावलं, कुणी लावलं नाही, भोंग्याला त्याचा पत्ता नसतो. इतका सोशिक, इतका निरिच्छ शेजारी मी जन्मात पाहिला नव्हता.

दोन इमारतींच्या फटीत आकाश पंच्यापुरतंच आहे, त्यामुळे वेळ लागतो. काल असाच हात उंचावून उभा होतो, तर समोरच्या गॅलरीतून आवाज आला.

"काय भाऊजी, आज सापडत नाही वाटतं? सोमवारी लवकर सापडलं होतं. काल दोनदा आलात, एकदा चहा व्हायच्या आधी आणि एकदा नंतर."

मी हसलो. वहिनी वाळत घातलेला टॉवेल झटकत पुढे म्हणाल्या, "आणि गुडघ्याला तिळाचं तेल लावा कोमट करून. हल्ली जिना उतरताना कठडा धरता तुम्ही. यांनाही तसंच व्हायचं."

हातातला फोन थरथरला. नकाशावर निळा ठिपका उमटला होता, नेमका आमच्या गॅलरीवर.

"कुणाकडे निघालात?"

"कुणाकडे नाही. इथेच आहे."

त्यांच्या स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत होता. मी कठड्यावर रेलून एक दीर्घ श्वास घेतला आणि विचारलं, "कटाची का आज?"