नवा तोळा, जुना तोळा

गोंदिया जिल्ह्यात, त्यातही देवरी-सालेकसाच्या अंगाला, फोनवर ‘रायफल’ हा शब्द मोठ्यानं उच्चारू नये. मी तो कोहमाऱ्याच्या टपरीवर उच्चारला, आणि तोही पुन्हा पुन्हा, कारण पलीकडे डेन्व्हरला पुतण्याला नीट ऐकू जात नव्हतं. बाजूच्या बाकावरच्या माणसाचा आलूबोंडा तर्रीतच बुडून राहिला. टपरीवाल्यानं मोबाइलवरचं गाणं बंद केलं. मी घाईघाईनं खुलासा केला, ‘‘हरणासाठी, हरणासाठी!’’ त्यानं प्रकरण आणखीच चिघळलं. रायफल म्हटलं की पोलिसांचे कान टवकारतात, आणि हरीण म्हटलं की वनखात्याचे. एका वाक्यात दोन्ही खाती अंगावर घेणारा माणूस त्या टपरीनं बहुधा पहिल्यांदाच पाहिला असेल.

पुतण्याचा प्रश्न सरळ होता. ‘‘काका, डिअर आणि एल्क, दोन्हींना चालेल अशी एकच रायफल घ्यायची आहे. तुम्ही सांगा, कोणती घेऊ?’’

मीच का सांगायची? तर आमच्या बैठकीत आजोबांचा एक फोटो आहे. आजोबा, हातात रायफल, पुढ्यात वाघ. पुतण्या याच फोटोखाली लहानाचा मोठा झाला. फोटोतली रायफल मालगुजारांची, वाघही मालगुजारांचाच आणि मधल्या खुर्चीवर बसलेले गृहस्थही मालगुजारच, हे कोणी त्याला सांगितलं नाही. आजोबा हाक्याला होते. म्हणजे पहाटेपासून रॉकेलचा रिकामा डबा बडवत त्यांनी वाघाला मचाणाकडे रेटलं. फोटोच्या वेळी मालगुजारांना मिशीला पीळ द्यायचा होता, म्हणून कोणीतरी रायफल धरायला हवी होती. ते कोणीतरी म्हणजे आमचं शिकारी घराणं!

माझा स्वतःचा अनुभव म्हणाल तर त्याहून थोडा जास्त. झाडीपट्टीच्या नाटकात मी इन्स्पेक्टर झालो होतो. रायफल सागाची होती आणि आवाजासाठी विंगेत एक पोरगा सुतळी बॉम्ब घेऊन बसला होता. मी नेम धरला, चाप ओढला, खलनायक पडला. त्यानंतर त्यानं पडल्यापडल्या आपलं शेवटचं भाषणही संपवलं, आणि मग बॉम्ब वाजला. प्रेक्षकांनी ‘वन्स मोअर’ दिला. एवढ्या भांडवलावर मी कॉलोरॅडोतल्या शिकारीबद्दल सल्ला द्यायला बसलो. लोक याहून कमी भांडवलावर मुलींची लग्नं जुळवतात.

तरी प्रश्नाचा पिंड मी लगेच ओळखला. ‘दोन्हींना चालेल अशी एकच’ हे आमचं कुळवचन आहे. पुतण्याच्या लहानपणी त्याच्या बापानं त्याला शाळेचे बूट दोन नंबर मोठे घेतले, म्हणजे चौथीला चालतील आणि सहावीलाही. चौथीत ते गळून पडायचे आणि सहावीत चावायचे. बरोबर बसले ते फक्त पाचवीत. रायफलचंही असंच होऊ नये, म्हणून मी अभ्यासाला लागलो.

पहिली गोष्ट कळली ती ही की हा प्रश्न डेन्व्हरचा नाहीच, नागझिऱ्याचाच आहे. तिकडचं डिअर साधारण आपल्या चितळाच्या वजनाचं किंवा थोडं वरचं. आपला चितळ नर सत्तर ते नव्वद किलोंचा. एल्कचा नर तीनशे किलोंच्या आसपास, म्हणजे आपलं भरलेलं सांबर. श्रीलंकेत तर जुने इंग्रज शिकारी सांबरालाच एल्क म्हणायचे. मालगुजारांनी हा प्रश्न ३१५ बोअरच्या रायफलीनं सोडवला होता. ३१५ ही काही त्यांची आवड नव्हे. फौजेच्या ३०३ चं काडतूस रयतेच्या बंदुकीत बसू नये, असा सरकारचा बंदोबस्त होता, म्हणून सरकार देईल ते बोअर आपलं! अमेरिकेत याच्या बरोबर उलट. दुकानात भिंतभर रायफली आणि त्यांच्यापुढे हात चोळत उभा असलेला गोंदियाचा मुलगा.

त्यानं निवडी कळवल्या. ६.५ क्रीडमूर ही २००७ ची, तरुण आणि मऊ स्वभावाची. खांद्याला फार लागत नाही, हरणाला उत्तम. पण एल्क लांबवर आडवातिडवा उभा असेल तर तिच्या भरवशावर राहायला छाती लागते. दुसऱ्या टोकाला ३०० विंचेस्टर मॅग्नम, १९६३ ची. ही एल्कला पुरून उरते, फक्त उरलेलं सगळं मारणाऱ्याच्या खांद्यात जमा होतं. धक्क्याच्या भीतीनं चाप ओढण्याआधीच डोळे मिटणारा माणूस कुठल्याही बोअरनं काहीही मारू शकत नाही, आणि आमच्या घराण्याचा डोळे मिटण्यात हात कोणी धरणार नाही. शिवाय तिनं जवळून हरीण मारलं तर मांसाची नासाडी ठरलेली. मधे होत्या ३०८ विंचेस्टर, १९५२ ची, आणि आजीबाई थर्टी-ऑट-सिक्स. ही १९०६ साली अमेरिकी फौजेनं स्वीकारली, म्हणून नावातच जन्मसाल. मी आजीबाईंच्या बाजूनं पडलो. कारण सांगतो.

तिकडे गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. थर्टी-ऑट-सिक्समधून हरणाला दीडशे ग्रेनची गोळी मारायची आणि एल्कला एकशेऐंशीची, असा सर्वसाधारण रिवाज. मी वहीवर हिशेब मांडत होतो, तेवढ्यात पुतण्याची काकू, म्हणजे आमची ही, चहा घेऊन आली. तिनं आकडा बघितला आणि म्हणाली, ‘‘अहो, एकशेऐंशी ग्रेन म्हणजे तोळा. बाबांच्या दुकानात तराजूवर लिहिलेलं होतं.’’ माझे सासरे सराफ. आणि खरंच, कंपनी सरकारनं १८३३ साली तोळा ठरवून दिला तो एकशेऐंशी ग्रेनचाच, ११.६६ ग्रॅम. दीडशे ग्रेन भरतात पावणेदहा ग्रॅमच्या जवळपास, म्हणजे हल्ली सराफ ज्याला तोळा म्हणून दहा ग्रॅम देतात, तो. तेव्हा हरणाला नवा तोळा, एल्कला जुना तोळा, रायफल तीच. बूट मोठा घ्यायचा आणि लहान पायाला आत जाड मोजा घालायचा, हे आमच्या भावाला सुचलंच नव्हतं.

‘‘तोळाभर फेकून द्यायचं?’’ काकूला वेगळीच काळजी लागली.

‘‘शिसं असतं गं. वरून तांबं.’’

‘‘मग ठीक आहे.’’ सोनं लाखापार गेल्यापासून तिला धातूची चौकशी आधी करायची सवय लागली आहे.

कॉलोरॅडोचा कायदा एवढं मागतही नाही. तिथं एल्कला किमान पंच्याऐंशी ग्रेन पुरतात, अर्ध्या तोळ्यालाही जरा कमीच, हरणाला सत्तर. मात्र गोळी फुलणारी हवी. शिकाऱ्यांच्या मते खरी मेख इथंच आहे: गोळी फुलावी, पण फुटू नये, आणि पुढच्या पायामागे जिथं लागायला हवी तिथंच लागावी. फऱ्याऐवजी पोटात लागली तर मॅग्नमही जनावराला रात्रभर डोंगरात हिंडवते. हे वाचल्यावर मी पुतण्याला कळवलं की बोअरच्या वादात घालवलेला वेळ चांदमारीला दे. त्याला ते आवडलं नाही. बोअरचा वाद सोफ्यावर बसून करता येतो.

बाकी कायदा गमतीचा आहे. रायफलच्या मोसमात अंगावर झगझगीत केशरी किंवा गुलाबी कपडा आणि तशीच टोपी सक्तीची. पुतण्यानं केशरी घेतला; फोटो पाहून काकूला वाटलं पोरगं पंढरपूरला निघालं. मोसम ऑक्टोबरच्या मध्यावर उघडतो, म्हणजे नेमका दिवाळीच्या तोंडावर. शिकारीचं खाण्याजोगं मांस टाकून देणंही तिथं गुन्हा आहे. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं उलटा न्याय: मांस घरी सापडणं हाच गुन्हा.

इथं कायद्याच्या रायफलीचं नशीब काय असतं, ते मला एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून ठाऊक आहे. पीक राखायला म्हणून त्यांच्याकडे परवान्याची बंदूक आहे. निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करायची. २०२४ साली लोकसभा झाली, मग विधानसभा, आणि दोन्ही वेळा बंदूक ठाण्यात. रानडुकरांना आचारसंहिता लागू नाही, त्यामुळे ती धानात. शेतकरी म्हणतात, ‘‘मायी बंदूक माह्यापेक्षा ठाण्यातच जास्त राह्यते बाप्पा, तिचं मतदार यादीत नाव तिकडेच टाकाले पाह्यजे.’’

पुतण्यानं शेवटी थर्टी-ऑट-सिक्स घेतली. जुन्या तोळ्याची एक पेटी, नव्याची एक. एल्क अजून मिळायचा आहे, पण सुनेनं आधीच चौकशी केली की एका नराचं नव्वदेक किलो मांस निघतं, तर एवढ्याला सावजी मसाला किती लागेल? मी गोंदियाच्या बाजारात गेलो आणि दुकानदाराला नव्वद किलोंचा हिशेब करायला सांगितलं. त्यानं कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला.

‘‘लग्न आहे का जी?’’

‘‘नाही.’’

‘‘मंग नवस?’’

‘‘नवसच समजा,’’ मी म्हणालो. ‘‘बोकड अजून डोंगरात हिंडतो आहे.’’