क्रेडिटराव

क्रेडिटराव काय शिकतो, हे एका दमात सांगता येत नाही. मेजर अर्थशास्त्र, मायनर संस्कृत, ओपन इलेक्टिव्ह भौतिकशास्त्राचं, शिवाय भारतीय ज्ञानप्रणाली, पर्यावरण, योग आणि ‘ते डेटाचं काहीतरी’. पूर्वी पोरगं एसवायला आहे की टीवायला, एवढं कळलं की पाहुण्यांचं समाधान व्हायचं. आता आजी विचारते, “पण बाबा, तू होणार कोण?” तो शांतपणे म्हणतो, “ऑनर्स.” आजीला ते आडनाव वाटतं.

हा प्राणी २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून जन्मला. महाराष्ट्रात तो २०२३-२४ साली आधी स्वायत्त कॉलेजांत दिसला, पुढच्या वर्षी उरलेल्या कॉलेजांतही. एका वर्षानंतर बाहेर पडलं तर सर्टिफिकेट, दोनानंतर डिप्लोमा, तिसऱ्यानंतर डिग्री, चौथं काढलं तर ऑनर्स. बाहेर पडायचे हे सगळे दरवाजे क्रेडिटरावला तोंडपाठ आहेत. वर्गात शिरायचा दरवाजा मात्र त्याला अजून शिपायाला विचारावा लागतो.

थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभरात पंधरा तास. दोन क्रेडिटांच्या विषयाला तीस. तेव्हा पाच हजार वर्षांची ज्ञानपरंपरा तो तीस तासांत आटोपतो, त्यातही गणपतीची सुट्टी वजा जाते. काकांनी एखादं पुस्तक वाचायला सुचवलं की तो आधी विचारतो, “किती क्रेडिटचं आहे?” मावसबहिणीच्या लग्नात त्याने सतरंज्या उचलल्या, पण फोटो काढून ठेवले. फील्ड प्रोजेक्टमध्ये बसले तर बसले.

हजेरीची त्याची पद्धत तर अभ्यास करण्यासारखी. अर्थशास्त्राच्या सरांना तो सांगतो, “सर, फिजिक्सचं प्रॅक्टिकल होतं.” फिजिक्सच्या मॅडमना सांगतो, “संस्कृतचा तास लांबला.” पडताळणार कोण? तिन्ही विभागांची माणसं एकत्र येतात ती नॅकची समिती यायची असली तरच. अखेर एका सेमिस्टरला तिन्ही डिफॉल्टर लिस्टांत त्याचं नाव झळकलं. कॉलेजात आंतरशाखीय सहकार्य झाल्याचा तेवढाच ठोस पुरावा मला माहीत आहे.

पण सगळं खापर पोराच्या डोक्यावर फोडणं बरं नव्हे. फॉर्मवर विषयांची लांबलचक यादी होती. खिडकीतल्या क्लार्कने पेनाने फुल्या मारल्या: हे चालू नाहीत, हे भरले, याला शिक्षक नाही. त्याला हवं होतं संगीत. तेवढ्यात मुलं कमी म्हणून वर्कलोड जाण्याच्या धास्तीत असलेल्या संस्कृतच्या मॅडमनी त्याला कॉरिडॉरमध्ये गाठलं आणि चहा पाजला. आवडीचा विषय निवडण्याचं स्वातंत्र्य म्हणतात ते हेच.

हसणाऱ्यांची तोंडं बंद करायला क्रेडिटरावकडे एकच हत्यार आहे: दा. ध. कोसंबी. “गणिताचे प्राध्यापक होते ते, आणि इतिहास लिहिला!” खरंच आहे. पण फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत असताना कोसंबींनी आहत नाणी हाताळली, ती हजारोंनी तराजूत घालून. नाणं जितकं हातोहात फिरतं तितकं झिजतं, म्हणून त्या झिजेच्या गणितातून ते नाण्यांचा काळ ताडत होते. आजच्या हिशेबात हे काम फार तर चार क्रेडिटचं भरलं असतं, तेही सबमिशन वेळेत झालं असतं तर. एवढं सांगितलं की क्रेडिटराव विषय बदलतो. विषय बदलण्याचा सराव त्याला आहेच.

आता एक गोष्ट त्याच्या बाजूची. संस्कृतच्या तासाला कौटिल्य निघाला. देशी मालावर व्यापाऱ्याला पाच टक्के नफा, परदेशी मालावर दहा. क्रेडिटराव जागा झाला. परदेशी मालाला दुप्पट का? मॅडम म्हणाल्या, हा प्रश्न अर्थशास्त्राचा. सर म्हणाले, मूळ श्लोक असेल तर मॅडमना विचार. (श्लोक नव्हे, सूत्र; पण सरांचं मायनर संस्कृत नव्हतं.) पोरगं दोन दिवस त्या दोन मजल्यांमधला जिना चढत-उतरत होतं. मग लायब्ररीत र. पं. कंगल्यांची, मुंबई विद्यापीठाने काढलेली प्रत धूळ झटकून घेऊन बसलं, ते दिवे घालवेपर्यंत. लांबचा प्रवास, वाटेतले चोर, जकात, बुडणारा माल असं काय काय त्याने वहीच्या मागच्या पानावर मांडलं. माझ्या मते चार वर्षांच्या त्या अवाढव्य अभ्यासक्रमातलं खरं ऑनर्स ते तेवढंच. त्याचे क्रेडिट कुठल्याच रकान्यात बसले नाहीत, आणि ते मागता येतात का, हेही त्याने विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी तो पुन्हा टपरीवर होता.

परवा स्नेहसंमेलनात प्राचार्यांनी बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तल्या चौसष्ट कलांचा दाखला दिला. धोरणातच आहे तो, त्यामुळे हल्ली सगळेच प्राचार्य देतात. मागच्या रांगेतून क्रेडिटराव कुजबुजला, “चौसष्ट दुणे एकशे अठ्ठावीस. डिग्रीला एकशे बत्तीस लागतात. चार कमी.”

ते चार म्हणजे सहाव्या सेमिस्टरचं ऑन जॉब ट्रेनिंग, आणि त्याचं घोडं सध्या तिथेच अडलं आहे. रिसर्चवालं ऑनर्स करायचं तर सहा सेमिस्टरांत पंचाहत्तर टक्के लागतात. ती काळजी त्याच्या गुणांनी परस्पर मिटवली आहे. तेव्हा वाचकहो, अर्थशास्त्र, संस्कृत, फिजिक्स आणि योग हे सगळं थोडंथोडं येणारा मुलगा चालेल असं एखादं ऑफिस तुमच्या ओळखीत असेल, तर कळवा. पगार नको. शिक्का आणि सही मात्र वेळेत हवी.