पैसे कोणाच्या हातात दिले?

जुलै उजाडला की वाइल्डबीस्टचे कळप सेरेंगेटीतून मारा नदीकडे सरकतात आणि त्यांच्या मागोमाग पुण्या-मुंबईची मंडळी केनियात उतरतात. सहलीच्या पत्रकात सिंह, चित्ता, बलूनची सैर असं सगळं झालं की तळाला एक ओळ असते: मसाई गावाला भेट, ऐच्छिक. मसाई मारा अभयारण्याच्या सेकेनानी किंवा तालेक गेटच्या बाहेर एखाद्या वस्तीवर गाडी थांबते. लाल शुका पांघरलेले मोरान, म्हणजे तरुण योद्धे, उंच उड्यांचा नाच करतात, पाहुण्यांना एका घरात नेतात, शेवटी मण्यांच्या माळांचा बाजार. पाऊण तासात सगळे परत गाडीत, कारण संध्याकाळची सफारी चुकवायची नसते.

या भेटी बंद करा, असं माझं म्हणणं नाही. वस्तीला पैशाची गरज आहे आणि ती ते लपवतही नाही. पण आपण दिलेला पैसा वस्तीपर्यंत पोचला का, हे आपल्यातलं कोणी विचारत नाही, आणि याची मला मनापासून चीड येते.

माणशी वीस-तीस डॉलर आकारले जातात. बहुतेक जण ते ड्रायव्हरच्या हातात देऊन मोकळे होतात. माराच्या परिसरात वर्षानुवर्षं हीच तक्रार होती की ड्रायव्हर-गाइड त्यातला मोठा वाटा ठेवून घेतात आणि वस्तीला उरलंसुरलं देतात. वस्तीने तोंड उघडलं तर पुढची गाडी शेजारच्या वस्तीवर जाणार, मग बोलणार कोण? शेवटी अभयारण्याच्या मारा ट्रँगल भागाकडच्या काही वस्त्यांनी एकी केली आणि पैसे थेट घ्यायला सुरुवात केली. म्हणून गाडीतून उतरल्यावर पैसे वस्तीच्या माणसाच्या हातात, सगळ्यांसमोर द्या. ड्रायव्हरला टिप वेगळी द्या, चांगली द्या. त्याचंही घर याच हंगामावर चालतं.

आता मण्यांचं. माराचं प्रवेश शुल्क परदेशी पर्यटकाला 2024 पासून जुलै ते डिसेंबर या काळात दिवसाला 200 डॉलर आहे. ते आपण निमूट भरतो, कारण तिथे खिडकी आहे, पावती आहे. आणि तासाभराने, मातीत चादर अंथरून बसलेल्या बाईशी एका कड्यासाठी हुज्जत घालतो. शिलिंग आपल्या 65-70 पैशांचा. तीनशेचं कडं दोनशेला पाडून घेतलं तर वाचले 65-70 रुपये. तिने मात्र गुरं, पाणी, लाकूडफाटा सांभाळून, उरलेल्या उजेडात एकेक मणी तारेत ओवलेला असतो. भाव करण्याची सवय मला ठाऊक आहे, मंडईत मीही करतो. पण मंडईतला भाजीवाला उद्याही तिथेच असतो आणि आपणही. इथे गाडी गेली की गेली.

या पैशाचं मोल समजायला जमिनीचा हिशेब बघावा लागतो. माराच्या भोवतालची पूर्वीची सामाईक कुरणं वाटून मसाई कुटुंबांच्या नावावर झाली. पुढे अनेकांनी आपले तुकडे एकत्र करून राखीव क्षेत्रं उभी केली आणि लॉजवाल्यांकडून भाडं घ्यायला सुरुवात केली. 2010 मध्ये सुरू झालेल्या मारा नाबोईशो या अशाच क्षेत्रात पाचशेहून जास्त जमीनमालक आहेत. व्यवस्था उत्तम आहे, भाडं ठरलेलं असतं, माणसाला आपल्या जमिनीवर राहणाऱ्या सिंहाचं मोल मिळतं. पण सातबारा म्हणा किंवा तिकडचा टायटल डीड म्हणा, तो बहुतेक पुरुषाच्या नावावर. भाडं त्याच्याकडे जातं. बाईच्या स्वतःच्या मुठीत पडणारी रोख रक्कम म्हणजे ही मण्यांची. त्या शंभर शिलिंगांवर घासाघीस करताना आपण कोणाचा हात धरतोय, एवढं तरी कळायला हवं.

आणि घर? तेही तिनेच बांधलेलं असतं. काटक्यांचा सांगाडा, वर माती आणि शेण. दार इतकं बुटकं की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. आत गेल्यावर बोळ वळतो आणि डोळ्यांसमोर अंधार होतो. हळूहळू दिसू लागतं: मध्ये चूल, भिंतीत मुठीएवढं भोक, लहान वासरांसाठी आडोसा, काटक्यांच्या बिछान्यावर गाईचं कातडं. मी गेलो होतो तेव्हा आमच्या गटातले बहुतेक जण फोटो काढून, धुराने डोळे चोळत बाहेर पडले. एक सोलापूरच्या काकू आतच थांबल्या. कोपऱ्यातल्या भोपळ्याच्या तुंब्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, हा आतून काळा कशाने? बरोबरच्या मोरानने सांगितलं, दूध भरण्याआधी रानटी ऑलिव्हच्या लाकडाचा निखारा आत फिरवतात, दूध टिकतं आणि वासही येतो. काकू लगेच म्हणाल्या, आम्ही मठ्ठ्याला अशीच धुरी देतो. मोरानने ते घरच्या बाईला सांगितलं. मग दोघी बोलतच राहिल्या, निखारा किती वेळ धरायचा, लाकूड कुठलं चालत नाही. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. त्या पाऊण तासात गावाला भेट दिली ती काकूंनी.

बाहेर तोवर चॉकलेटवाटप सुरू होतं. मसाई मुलं मोठ्या माणसासमोर येऊन डोकं खाली करतात आणि मोठ्याने त्यावर तळवा ठेवायचा असतो, तिथला हा रोजचा नमस्कार. एक मुलगी तशी येऊन उभी राहिली. आपल्या माणसाने तिच्या हातात गोळी कोंबली आणि वर फोटो घेतला. खाली वाकलेलं ते डोकं त्याला दिसलंच नाही. गोळ्यांनी दात किडतात, आणि गाडी दिसली की हात पसरायची सवय लागते, हे तिथले शिक्षक आणि आईबाप कधीपासून सांगत आहेत. काही द्यायचंच असेल तर शाळेला, मुख्याध्यापकांना विचारून द्या.

परतीच्या वाटेवर हमखास एक वाक्य कानावर येतं: हे काही खरे मसाई नाहीत, त्यांच्याकडे मोबाइल होते. अहो, मोबाइलवरून पैसे पाठवायची एम-पेसा सेवा केनियात 2007 पासून आहे, आपण यूपीआय वापरू लागलो त्याच्या कितीतरी आधी. बैल विकला की पैसे त्याच फोनवर येतात. आपल्याकडे लग्नात सोवळं नेसलेल्या गुरुजींच्या जानव्याशेजारी फोन वाजतो, तेव्हा ते खोटे ठरत नाहीत. मसाई माणसाने मात्र आपल्या कॅमेऱ्यासाठी शंभर वर्षं मागे थांबायचं? ब्रिटिशांनी 1904 आणि 1911 च्या करारांनी त्यांना उत्तम कुरणं सोडायला लावली, सेरेंगेटीतून 1959 मध्ये त्यांना बाहेर काढलं गेलं. एवढं सोसून ज्यांनी गुरं आणि भाषा दोन्ही टिकवली, त्यांना खरेपणाचं प्रमाणपत्र द्यायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

यंदाच्या सहलींचं बुकिंग चालू आहे. पहिला हप्ता भरण्याआधी सहल कंपनीला तीन गोष्टी लेखी विचारा: वस्तीचे पैसे कोण घेणार, कोणाच्या हातात देणार, आणि तिथे किती वेळ थांबणार. पाऊण तास असं उत्तर आलं, तर दोन तास मागा.