होल्स्टरवाले भाऊ

गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांत परवान्याच्या हत्याराचे मालक दोन जातींचे. पहिला शेतकरी. रानडुकरांपासून शेत राखायला घेतलेली लांब नळीची बंदूक तो खांद्यावर टाकतो आणि तिच्याविषयी चकार शब्द काढत नाही. दुसरे भाऊ. पेडण्याचे असतील तर मोपा विमानतळाच्या आसपास जमिनी दाखवतात. डिचोलीचे असतील तर 2012 साली खाणी बंद पडेपर्यंत त्यांचे ट्रक खनिज वाहत होते. वैरी म्हणावा असा दोन्हीकडच्या भाऊंना कोणी नाही. तरी .32चे रिव्हॉल्व्हर आहे, कारण 9 मि.मी.चे पिस्तूल सामान्य नागरिकाला मिळत नाही. एवढे झाले की उरते ती होल्स्टरची चिंता.

2016चे शस्त्र नियम येथेच आडवे येतात. चारचौघांत रिव्हॉल्व्हर न्यायचे तर होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकून आणि स्वतःच्या ताब्यात. म्हणजे चांगले होल्स्टर ते, जे कोणाला दिसत नाही. जिल्हाधिकारी कचेरीत खेटे घालून मिळवलेली वस्तू लपवून फिरायचे, हा भाऊंच्या मते शुद्ध अन्याय. म्हणून बुशशर्ट असा बेतून शिवलेला असतो की उभे असताना सगळे झाकावे, आणि भाजी-पावाचे पैसे काढायला हात मागच्या खिशात गेला की चामड्याचे टोक तेवढे डोकवावे. हॉटेलातला पोऱ्या बघतो आणि विचारतो, "भाऊ, मोबायलाचें कव्हर मरे हें?"

होल्स्टर पारखायच्या खुणा साध्या आहेत. ते त्याच मॉडेलचे हवे. रिव्हॉल्व्हरचे फुगीर सिलिंडर पिस्तुलाच्या चपट्या होल्स्टरमध्ये बसत नाही. घोडा पूर्ण झाकला गेला पाहिजे, एवढी एक गोष्ट पाळली तरी पुष्कळ. रिकामे रिव्हॉल्व्हर आत ठेवून होल्स्टर उलटे धरले तर ते पडता कामा नये, आणि बाहेर काढल्यावर होल्स्टरचे तोंड मिटता कामा नये. भाऊ यातले काही बघत नाहीत. ते पितळी बटण आणि चामड्यावर उठवलेला वाघ बघतात.

पट्ट्याचा तर विचारच नसतो. जाड, ताठ पट्टा नसेल तर वजन एका बाजूला ओढते. लग्नात घालायचा पातळ, चकचकीत पट्टा भाऊंच्या पोटाखाली आधीच घसरलेला. त्यात उजवी बाजू खाली जाते. चार पावले टाकली की डाव्या हाताने पँट वर, जमीन दाखवतानाही बोट पुढे आणि दुसरा हात कमरेला. गाडीत बसताना होल्स्टर सीट आणि दार यांच्यात अडकते, ते वेगळेच. शिरगावच्या लईराईच्या जत्रेत भाऊ धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, होतात तेव्हा सोवळ्याला पट्टाच नसतो. वर्षातले तेवढे दिवस चाल सरळ.

पावसाळ्यात चामड्याला बुरशी येते. दमट चामड्यात हत्यार ठेवले की लोखंड गंजते, म्हणून घरी दोन्ही वेगवेगळी ठेवावीत. भाऊ दोन्ही एकत्रच कपाटात ठेवतात आणि चतुर्थीला पाहुण्यांना दाखवायला काढतात तेव्हा वाघ हिरवा झालेला असतो.

निवडणूक लागली की हत्यारे पोलिसांकडे जमा करण्याचे आदेश निघतात. 2022 साली गोव्यात फेब्रुवारीत विधानसभा झाली आणि ऑगस्टमध्ये पंचायती. होल्स्टर जमा करावे लागत नाही. त्या काळात भाऊ त्यात खरोखरच मोबाइल ठेवतात, आणि तो त्यात अगदी नीट बसतो.