तंत्रस्नेही

जिल्हा परिषद शाळांच्या केंद्रात दहा-बारा शाळा असतात आणि त्या सगळ्या मिळून एक तंत्रस्नेही सर असतात. हे पद शासनाने मंजूर केलेलं नाही. त्याला भत्ता नाही. माणूस आपोआप या पदावर चढतो. कधीतरी एका शिक्षण परिषदेत प्रोजेक्टर चालू होईना, साहेब घड्याळाकडे बघू लागले, तेव्हा मागे बसलेल्या या तरुणाने उठून एक वायर काढली आणि परत खोचली. पुढच्या सेवेचा निकाल तिथेच लागला.

वय अडतीसच्या आसपास, म्हणजे शिक्षणसेवक म्हणून लागले ते २००९-१० च्या सुमारास. खांद्याला लॅपटॉपची बॅग, हातात दोन सिमचा मोबाइल. एका कंपनीची रेंज शाळेच्या ओट्यावर येते, दुसरीची हातपंपापाशी. सर दिवसभर या दोन टोकांमध्ये फेऱ्या मारतात. गुरुजींचं पोरांवर चौफेर लक्ष असतं, असा गावात समज आहे.

खरं सांगायचं तर यांना तंत्राचा नाद लागला तो शिकवण्यापायीच. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आलं, लोकवर्गणीतून शाळाशाळांत टीव्ही लागले. तेव्हा सरांनी रात्री जागून हातच्याच्या वजाबाकीचा व्हिडिओ केला होता. दशकाच्या घरातली काडी उड्या मारत एककाच्या घरात यायची आणि दुसरीची पोरं टाळ्या वाजवायची. त्याच वर्षी माहिती भरायचं ‘सरल’ पोर्टलही आलं. शालार्थ त्याआधीपासून होतंच. मग यूडायस प्लस, पोषण आहाराचं ॲप, अपार आयडी. टीव्ही केव्हाच बंद पडलाय. ज्याला तो दुरुस्त करता येतो, तो माणूस हातपंपापाशी असतो.

सकाळी परिपाठ सुरू असतानाच केंद्राच्या गटावर निरोप पडतो : ‘सोबतच्या लिंकवर सदर माहिती दुपारी बारापर्यंत भरावी. माहिती नसल्यास निरंक भरावी. विलंब झाल्यास आपणास जबाबदार धरण्यात येईल.’ त्याखाली ‘ओके सर’ची रांग लागते, जोडलेले हात लागतात, आणि मग ओके म्हणालेला प्रत्येक जण तंत्रस्नेही सरांना फोन करतो.

“सर, ते कॅप्चा लाल येतंय.”

“त्यातला आर कॅपिटल घ्या, मॅडम.”

“घेतला. आता ओटीपी आलाय, पण तो मिस्टरांच्या मोबाइलवर आणि मिस्टर शेतात.”

शाळा द्विशिक्षकी असल्याने हे संभाषण तिसरी-चौथीच्या वर्गात उभं राहूनच होतं. “छप्पन भागिले सात... आता सेव्ह नका करू मॅडम... किती आले? हां, सांगा ओटीपी... चार, शून्य, सात, दोन, एक, पाच.” पहिल्या बाकावरच्या एका गुणी मुलीने वहीत छप्पन भागिले सात बरोबर ४०७२१५ असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. सरांनी त्यावर बरोबरची खूण केली. निदान आकडे तरी एकही न चुकता उतरले होते.

आधारचा विषय मात्र सर फोनवर उरकत नाहीत. दाखलखारीज रजिस्टरात पोराचं नाव एक, आधारवर दुसरं, जन्मतारीख एक जानेवारी. पोरगं समोर मांडी घालून बसलेलं असतं, शंभर ग्रॅम तांदळाचा भात खाऊन वर मागतं, आणि पोर्टल म्हणतं, जुळत नाही. आधार जुळलं नाही तर संचमान्यतेत ते मूल धरत नाहीत, आणि पट काठावर असेल तर शिक्षकाचं एक पद जातं. मग सर त्या पोराला मोटरसायकलवर घेऊन तालुक्याला जातात. मागे बाप बसतो, त्याची मजुरी बुडालेली असते. त्या खेपेचा वडापावही सरांच्याच खिशातून.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ यांना तोंडपाठ आहे. दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक, एवढंच अशैक्षणिक काम शिक्षकाला लावता येतं. हे ते कुणालाही ऐकवतात, फक्त ऐकवताना बोटं कीबोर्डवर चालू असतात. पोर्टल या यादीत का नाही, असं विचारलं तर म्हणतात, “ते शैक्षणिक आहे. विद्यार्थ्यांचीच माहिती असते ना!”

सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवकाश असलेल्या जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) उत्तीर्ण व्हायचं. केंद्रात सुतक पडलं. पन्नाशीचे गुरुजी बालमानसशास्त्राची गाइडं चाळू लागले. सरांकडे त्यांचे अर्ज आले. फोटो लहान करा, सही लहान करा, चलन निघालं नाही ते बघा. दुसऱ्यांचे अर्ज संपेस्तोवर शेवटची रात्र आली आणि स्वतःचा अर्ज भरायला बसले तर सर्व्हर झोपलेला. पहाटे तो भरला गेला. अभ्यासाचं विचारू नये.

यांची कीव करायला जावं तर सर ती करू देत नाहीत. कारण त्यांना हे आवडतं. लाल पट्टी हिरवी झाली की चेहऱ्यावर जे समाधान येतं, ते एकेकाळी पोराला जोडाक्षर वाचता आलं की यायचं. तालुक्याच्या यादीत केंद्रापुढे ‘१०० टक्के’ दिसलं की ते स्क्रीनशॉट काढून ठेवतात. वर्गातल्या दोघांना अजून सलग ओळ वाचता येत नाही, हेही त्यांना ठाऊक आहे, नावानिशी. पण त्यांच्यापुढच्या रकान्यात ‘कार्यवाही सुरू आहे’ असं लिहिलं की पोर्टल पुढे जातं.

मध्यंतरी संघटनेने मोर्चा ठरवला. मागणी एकच : ऑनलाइन कामं बंद करा, आम्हाला शिकवू द्या. किती जण येणार याची माहिती हवी होती. तंत्रस्नेही सरांनी रातोरात लिंक तयार केली. नाव, शाळा, शालार्थ क्रमांक, वाहनाची सोय आहे किंवा नाही, फोटो अनिवार्य. दुसऱ्या दिवशी सकाळी गटावर त्यांचाच निरोप होता : ‘सोबतच्या यादीतील शिक्षकांनी अद्याप मोर्चाची लिंक भरलेली नाही. दुपारी बारापर्यंत भरावी.’

पाच मिनिटांत पहिला फोन आला. मॅडमच होत्या. कॅप्चा लाल येत होतं.